ओगुस गप्प झाला

गव्रीलला जाग आली ती आवाजाने नव्हे. आवाज नव्हता म्हणून जाग आली.

तो अंथरुणात तसाच पडून राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. चुलीत लाकूड तडकत होतं. स्वयंपाकघरात मार्फा भांडी हलवत होती. पण खिडकीबाहेरची जी घरघर ऑक्टोबरपासून रात्रंदिवस चालू होती, जिच्यामुळे कपाटातल्या कपबश्या हिवाळाभर एकमेकींशी कुजबुजत असत, ती कुठेच नव्हती. कपबश्यासुद्धा गप्प होत्या.

बाहेर त्याचा ट्रक उभा होता. सहा चाकांचा, जुना, लष्कराने टाकून दिलेला डिझेल ट्रक. नाव ओगुस, म्हणजे बैल. सिल्गी गावात हिवाळ्यालाही बैलच म्हणतात, त्याची शिंगं गळून पडली की थंडी सरली असं धरतात. गव्रील म्हणायचा, त्या बैलाशी टक्कर घ्यायची तर आपल्याकडेही बैलच हवा. ओगुसच्या इंजिनावर झूल होती, लष्करी कांबळ्यांना आतून लोकरीचा जाड नमदा लावून मार्फानेच शिवलेली. खिडक्यांना दुहेरी काचा होत्या. टाकीत डिझेल थिजू नये म्हणून जोडीला रॉकेल होतं. गव्रीलच्या बायकोला एक कोट आणि ट्रकला दोन, असं गावात बोललं जायचं आणि ते खोटं नव्हतं.

सिल्गीत ट्रक ऑक्टोबरात सुरू करतात आणि एप्रिलात बंद करतात. मधल्या दिवसांत ड्रायव्हर जेवतो, झोपतो, आजारी पडतो, पण इंजिन चालूच राहतं. ते बंद करणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या चुलीत पाणी ओतणं. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या मित्रोफानने ते केलं होतं. तो महिनाभर दक्षिणेला समुद्रकाठी प्रकृती सुधारायला गेला होता, तिथल्या सवयी घेऊन परतला आणि पहिल्याच दिवशी घरासमोर ट्रक उभा करून सरळ किल्ली फिरवून आत जेवायला गेला. तेव्हापासून गावात त्याचं नाव पडलं ‘पाहुणा’. परक्या माणसालाच शोभेल असं त्याचं वागणं, म्हणून पाहुणा. हे नाव ठेवलं होतं गव्रीलने. नऊ वर्षं तो मित्रोफान दिसला की दुरूनच हाक मारायचा, “या पाहुणे, बसा पाहुणे, चहा घेणार की निघालात समुद्रावर?”

आणि काल दुपारी त्याच गव्रीलने स्वतःच्या हाताने ओगुसची किल्ली फिरवली होती.

दोष द्यायचाच तर खोमुसला द्यावा लागेल. खोमुस म्हणजे दातांशी धरून बोटाने छेडायचं लोखंडी मोरचंग. मार्फा लग्नाआधी असं वाजवायची की लोक दुसऱ्या गावाहून ऐकायला येत. मग लग्न झालं. हिवाळ्यात खिडकीखाली इंजिन, उन्हाळ्यात गवत कापणी आणि डासांचा उच्छाद, यात खोमुस पेटीच्या तळाशी गेलं ते गेलंच. या शरद ऋतूत तालुक्याच्या क्लबातून निरोप आला. जुन्या वादकांची संध्याकाळ ठरली आहे, मार्फाने यावं. मार्फा आधी नाही म्हणाली. मग गोठ्यात जाऊन गुपचूप सराव करू लागली, कारण ओगुसच्या घरघरीपासून लांब अशी तेवढीच जागा होती. महिनाभर गायींनी ऐकलं, नवऱ्याने नाही.

काल तिला वाटलं, निघण्याआधी एकदा घरात वाजवून बघावं. गव्रील दाराशी बसून बूट चढवत होता. त्याला आधी वाटलं, चुलीच्या धुराड्यात काही अडकलंय. मग लक्षात आलं की मार्फा वाजवतेय आणि आपल्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाहीये. तो एक बूट पायात आणि एक हातात घेऊन बाहेर गेला, ओगुसच्या केबिनमध्ये चढला आणि किल्ली फिरवली. एका गाण्यापुरती. लगेच चालू करू, असं त्याने ओगुसला तोंडाने सांगितलंसुद्धा.

आत आला तर घर भरून गेलं होतं. छपराच्या कडेवरून वितळत्या बर्फाचं पाणी टपकत होतं, शिंगरू पळत होतं, कोकीळ लांबून जवळ येत होती, आणि हे सगळं मार्फाच्या ओठांतून आणि एका बोटातून. गव्रील तसाच एका बुटावर उभा राहिला. मार्फाने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, हसली आणि दुसरं वाजवलं. मग तिसरं. मग रात्रीचं जेवण झालं, घोड्याचं मांस आणि वर लोण्यातले पॅनकेक. बायको कितीतरी वर्षांनी पुन्हा नवी दिसत होती. बाहेर सगळं शांत होतं आणि त्या शांततेला तो सुख समजला. झोपलासुद्धा.

आता तो केबिनमध्ये बसला होता आणि किल्ली फिरवत होता. ओगुसने एकदा ‘टक्’ केलं. नंतर तेही नाही. दारावरच्या थर्मामीटरात उणे चोपन्न होतं. आज संध्याकाळी मार्फाला क्लबात वाजवायचं होतं आणि मध्ये घाट होता. या थंडीत घाट एकट्याने चढत नाहीत, दोन ट्रक लागतात. बाकीचे ट्रक गोठलेल्या नदीवरून माल आणायला गेले होते. गावात दोनच उरले होते, मित्रोफानचा आणि हा. ओगुस निघाला नाही तर मार्फाचं जाणं रद्द, इतकं ते सरळ होतं.

सिल्गीत एक इंजिन गप्प झालं तर ते उशिरा का होईना सगळ्या गावाला ऐकू येतं. गव्रील खाली उतरतो न उतरतो तोच मित्रोफान कुंपणाशी हजर. त्याच्या पाठोपाठ म्हातारा अकीम आजोबा, ज्याने गावातला पहिला ट्रक चालवला होता आणि ज्याला आता स्वतःचा खोकलाही धड ऐकू येत नव्हता.

“गप्प दिसतोय बैल,” मित्रोफान म्हणाला.

“गप्प झाला खरा.”

“आपला आपण?”

इथे गव्रीलला खरं बोलायला जागा होती. पण समोर उभा होता मित्रोफान. नऊ वर्षांचे ‘या पाहुणे, बसा पाहुणे’ गव्रीलच्या घशात आडवे आले.

“आपला आपण,” गव्रील म्हणाला. “पहाटे बघतो तर थंडगार.”

“डिझेल थिजलं असणार,” अकीम आजोबा म्हणाला. त्याने प्रश्न ऐकला नव्हता, पण उत्तर त्याच्याजवळ तयार असायचं.

मग तपासणी सुरू झाली. फिल्टर उघडला. उणे चोपन्नात फिल्टर उघडायचा म्हणजे हातमोजा काढायचा, दोन आटे फिरवायचे, बोटं काखेत धरायची, पुन्हा दोन आटे. पाना उघड्या हाताने धरला तर कातडी त्यालाच चिकटून राहते. एवढं करून फिल्टर निघाला स्वच्छ. गव्रीलला आश्चर्य वाटल्यासारखं दाखवावं लागलं. मग डिझेलची नळी सोडवली, तीत मित्रोफानने तोंडाने फुंकून बघितलं. नळी मोकळी. गव्रीलने पुन्हा आश्चर्य दाखवलं. एकच आश्चर्य माणसाने किती वेळा दाखवावं? तिसऱ्यांदा त्याने नुसतंच कपाळाला हात लावला.

दरम्यान मार्फा चहा घेऊन बाहेर आली.

“आपला आपण बंद पडला म्हणे?” तिने विचारलं.

“हो ना,” गव्रील बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला.

“काय म्हणावं बाई या बैलाला. काल दुपारपर्यंत तर ठणठणीत होता.” तिने मित्रोफानच्या हातात कप दिला. “दुपारनंतर मात्र जरा अबोल वाटला मला.”

एवढं बोलून ती आत गेली. गव्रीलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. थंडीने झाल्या, असं बाकीच्यांना वाटायला हरकत नव्हती.

बॅटऱ्या आत नेऊन चुलीजवळ ठेवायच्या होत्या. पहिली बॅटरी घेऊन गव्रील घरात शिरला तेव्हा पलंगावर मार्फाचं गाठोडं उघडलेलं होतं आणि ती निळा झगा घडी करून पेटीत परत ठेवत होती. दुसरी बॅटरी नेली तेव्हा छातीवर घालायचा चांदीचा दागिना फडक्यात गुंडाळला जात होता. गव्रीलने बॅटऱ्या जुळ्या पोरांसारख्या चुलीशेजारी टेकवल्या आणि बाहेर आला.

बाहेर मित्रोफान हातमोज्याने ओगुसच्या बॉनेटवरचं हिम खरवडत होता.

“हे बघ गड्या,” तो म्हणाला. “कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. आपलं आपण थांबलेलं इंजिन, आणि कारण सापडत नाही, तर ते तापवून फिरवायचं नसतं. आत काही अडकलं असेल तर पहिल्याच फेऱ्यात सगळ्याचा चुरा होईल. हा ओढत न्यायचा गरम गॅरेजात, दोन दिवस वितळू द्यायचा आणि मग उघडायचा.”

“दोन दिवस,” गव्रील म्हणाला.

“निदान दोन दिवस. आता कोणी किल्ली फिरवून बंद केला असता, तर गोष्ट वेगळी. मग आत काही बिघाड नाही. नुसता शेकायचा, दुपारपर्यंत उठेल.” मित्रोफानने हिम खरवडणं थांबवलं नाही. “पण या गावात असं कोण करतं? मी सोडून.”

गव्रील घरात गेला. तिसरी बॅटरी नव्हती, पण तो गेला. मार्फा स्टुलावर चढून खोमुसची लाकडी डबी सगळ्यात वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे सरकवत होती.

“तिथे का ठेवतेस?” त्याने विचारलं.

“लागणार नाही तर खाली कशाला.” ती स्टुलावरून उतरली आणि हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले. “जाऊ दे, म्हातारबा. गायी आहेतच ऐकायला.”

तिच्या आवाजात राग असता तर गव्रीलने तोही गिळला असता. राग नव्हता. ती खरंच तसं ठरवून मोकळी झाली होती आणि आता पीठ मळायला घेणार होती. ते त्याला सोसवलं नाही. तो टोपी न घालताच बाहेर आला.

“मी बंद केला,” तो म्हणाला.

मित्रोफानचा हात थांबला.

“काय म्हणतोय हा?” अकीम आजोबाने विचारलं.

“मी बंद केला, आजोबा.”

“काय?”

“मी बंद केला. किल्ली फिरवून. काल दुपारी.” हे त्याला ओरडून सांगावं लागलं, आणि उणे चोपन्नात हवा इतकी स्वच्छ असते की शब्द गावाच्या दुसऱ्या टोकाला कुत्र्यांपर्यंत जातात. दोन घरांची दारं किलकिली झाली. “मार्फा वाजवत होती. याच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं. मग ऐकत बसलो आणि विसरलो.”

मित्रोफान सावकाश गव्रीलसमोर आला. नऊ वर्षं वाट बघितलेला माणूस घाई करत नाही. त्याने उजव्या हाताचा मोजा काढला, हात पुढे केला आणि अदबीने मान झुकवली.

“या पाहुणे,” तो म्हणाला. “समुद्र कसा होता?”

गव्रीलने त्याचा हात धरला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

“आणि टोपी घाल, गाढवा,” मित्रोफान पुढे म्हणाला. “तुझे कान गळून पडले तर पुढच्या वेळी कशासाठी बंद करशील?”

मग बैलाला शेकायला घेतलं. झुलीवर ताडपत्री टाकली, ती चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडली आणि बर्फाने दाबून टाकली. आत इंजिनाखाली पत्र्याची शेगडी लावली. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलखाली पत्र्याच्या ताटांत निखारे सरकवले, कारण इंजिन उठलं तरी तिथलं तेल डांबरासारखं घट्ट असतं आणि चाक हलत नाही. मित्रोफान ताडपत्रीखाली शिरून ब्लो लॅम्पने ऑइल चेंबर तापवू लागला. लांबून तापव, तेलाला भाजू नकोस, असं अकीम आजोबा त्याला वरून सारखं सांगत होता, आणि मित्रोफान आतून सांगत होता की आजोबा, हे मला तुम्हीच शिकवलंय. रेडिएटरमधल्या न गोठणाऱ्या पाण्याचीही लापशी झाली होती, ती हळूहळू पातळ झाली. घरात चुलीवर किटलीत इंजिनाचं तेल गरम होत होतं आणि मार्फाच्या सगळ्या स्वयंपाकघराला त्याचा वास लागला होता, पण त्याबद्दल तिने ब्र काढला नाही.

दुपारी तीच बाहेर आली. हातात लोण्यातला पॅनकेक होता. ताडपत्री वर करून तिने तो निखाऱ्यांवर ठेवला. अग्नीला पहिला घास दिल्याशिवाय सिल्गीत कोणी रस्त्याला लागत नाही. लोणी चुरचुरलं आणि ताडपत्रीखालून वास आला.

“काल अग्नीला द्यायला विसरलास,” ती गव्रीलला हळूच म्हणाली. “म्हणून असं झालं.”

“काल मी सगळंच विसरलो,” गव्रील म्हणाला.

“ते कळलं. सगळ्या गावाला कळलं.” ती हसली नाही, पण आत जाताना तिची पावलं चटचट पडली, आणि तिने निळा झगा घातलेला आहे हे गव्रीलला कोटाच्या खालून दिसलं.

कोमट बॅटऱ्या बसवल्या. किटलीतलं तेल ओतलं. गव्रील केबिनमध्ये चढला आणि त्याने किल्ली फिरवली. ओगुस कण्हला. पुन्हा फिरवली. ओगुसने एकदा खोकून काळा धूर सोडला आणि गप्प झाला. अकीम आजोबाने टोपी काढून छातीशी धरली. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा आधी एक सिलिंडर जागा झाला, मग त्याने दुसऱ्याला उठवलं, ट्रक नखशिखांत थरथरला आणि घरातल्या कपबश्या एकदम बोलू लागल्या. अकीम आजोबाला तोही आवाज ऐकू आला नसेल, पण जमीन हलली तेव्हा त्याने टोपी परत घातली.

निघाले तेव्हा चाकं तळाशी चपटी झालेली होती, रात्रभर एका जागी उभी राहून. त्यामुळे सुरुवातीचा रस्ता धप् धप् करत कापला. गव्रील अगदी हळू नेत होता. टायर गरम होऊन गोल होईपर्यंत घाई केली तर रबर काचेसारखं फुटतं. प्रत्येक धप्पला मार्फाची टोपी छताला लागत होती आणि तिने खोमुसची डबी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मागे मित्रोफानचा ट्रक होता. तो मधूनच हॉर्न वाजवायचा, दोन छोटे आणि एक लांब. ‘या पा-हुणे’ असंच ते ऐकू येतं, असं मार्फा म्हणाली. गव्रीलला ते आधीच कळलं होतं.

क्लबाबाहेर ट्रकांची रांग लागली होती. सगळ्या तालुक्यातून लोक आले होते आणि अर्थातच एकही इंजिन बंद नव्हतं. भिंती जाड होत्या, तरी सभागृहाच्या लाकडी जमिनीतून ती घरघर पायांत चढत होती. आधी गाणारे झाले. त्यांना काय, त्यांचे गळे मोठे. मग मार्फाचं नाव पुकारलं. ती निळ्या झग्यात स्टेजवर आली, नमस्कार केला, खोमुस दातांशी धरलं. पहिल्या रांगेतले लोक पुढे झुकले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या गव्रीलला फक्त तिचं बोट हलताना दिसलं.

तो उठला. ओळीतल्या लोकांचे पाय तुडवत बाहेर पडला. बाहेर वाफेच्या धुक्यात ट्रकांचे दिवे पिवळे दिसत होते. त्याने केबिनचं दार उघडलं तेवढ्यात मित्रोफान मागून आला.

“एकटा ओगुस बंद करून काय होणार?” मित्रोफान म्हणाला. “एवढे बैल डुरकतायत.”

“मग काय करू?”

“तू गप्प बस. तू नवा पाहुणा आहेस, तुझं कोण ऐकणार. हे काम जुन्या पाहुण्याचं.” मित्रोफान पहिल्या ट्रककडे गेला, दुसऱ्याकडे गेला. तो ड्रायव्हरांना काय सांगत होता ते गव्रीलला कळलं नाही. कोणी हसलं, कोणी शिवी घातली, एकाने ‘वेड लागलंय का’ असं विचारलं. मग रांगेच्या टोकाचं एक इंजिन थांबलं. मग त्याच्या शेजारचं. प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये किल्लीवर हात ठेवून बसला, कारण थांबवण्यात धोका नसतो, विसरण्यात असतो. शेवटी मित्रोफानचा ट्रक थांबला आणि मग गव्रीलने ओगुसची किल्ली फिरवली.

आधी नुसती धातू आकसल्याची टिकटिक ऐकू आली. मग क्लबाच्या भिंतीतून, बारीक पण स्पष्ट, छपराचं पाणी टपकू लागलं. शिंगरू पळालं. कोकीळ लांबून जवळ आली. जानेवारीच्या त्या धुक्यात, गार होत चाललेल्या केबिनमध्ये, गव्रीलला आपलं नाक वाहतंय हे कळलं आणि त्याने ते पुसलं नाही.

टाळ्या झाल्या. रांगेतली इंजिनं एकामागून एक सुरू झाली, मित्रोफानचं सगळ्यात आधी. मित्रोफानने हॉर्न दिला, दोन छोटे, एक लांब. पुन्हा दिला.

दार उघडलं आणि मार्फा कोटात गुरफटलेली केबिनमध्ये चढून शेजारी बसली. तिचे गाल लाल झाले होते.

“ऐकू आलं?” तिने विचारलं.

गव्रीलने मान डोलावली. “आणखी एक वाजव ना,” तो म्हणाला. “छोटंसं.”

मार्फाने रांगेकडे पाहिलं. सगळे ट्रक घरघरत होते, एकटा ओगुस गप्प होता. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, किल्लीवर निवांत विसावलेल्या त्याच्या हाताकडे पाहिलं आणि तो हात आपल्या हातात धरून स्वतःच किल्ली फिरवली.

“घरी गेल्यावर वाजवते,” ती म्हणाली. “गोठ्यात येऊन ऐक.”